दगडी तुळशीवृंदावन सासवडहून कोथरूडला, स्वतःच्या बोलेरोतून जमेल का?

कऱ्हाकाठ

सासवडचा वाडा पाडायला काढलाय. मागच्या चौकातलं काळ्या दगडाचं तुळशीवृंदावन आमच्या वाट्याला आलंय, ते कोथरूडला न्यायचंय. घरची सात सीटर बोलेरो आहे, मदतीला तिघे-चौघे आहेत. वृंदावन चार थरांचं दिसतं. मापं अशी: तळाची शिळा अडीच फूट चौरस, जाडी सहा इंच. त्यावर दोन फूट चौरस, सहा इंच जाडीचा थर. मग दीड फूट चौरस आणि दोन फूट उंच खांब, त्याला पुढून दिव्याची छोटी देवळी. वर पावणेदोन फूट चौरस, एक फूट उंचीचा माथा, त्यात साधारण एक फूट चौरस आणि नऊ इंच खोल कुंडी. सांधे चुन्याचे वाटतात.

एका टेम्पोवाल्याने "दोनशे किलो असेल, उचलून टाकू" असं सांगितलं. खरं वजन किती धरायचं? बोलेरोत जाईल का? गेलं तर चढवायचं कसं?

खडीमशीन

टेम्पोवाल्याला दोनशे किलो फक्त माथ्याचे सापडले असणार.

आपल्याकडच्या काळ्या दगडाचं वजन घनमीटरला २.८ ते ३ टन. म्हणजे घनफुटाला ८० ते ८५ किलो, मधला आकडा ८२ धरा. तळाची शिळा ३.१२ घनफूट, २५६ किलो. दुसरा थर २ घनफूट, १६४ किलो. खांब भरीव असेल तर ४.५ घनफूट, ३६९ किलो. माथ्यातून कुंडीची पोकळी वजा केली की २.३ घनफूट उरतं, १९० किलो. एकूण ९८० किलोच्या आसपास. कुंडीतली माती वेगळी. ओल्या मातीला घनफुटाला ४५-५० किलो धरा.

एकूण आकड्याला मात्र फारसा अर्थ नाही. गाडी दोन खेपा मारू शकते, माणूस अर्धा दगड उचलू शकत नाही. तुमचं सगळं गणित सर्वांत जड *एकसंध* दगडावर ठरणार आहे, आणि तो तळाची शिळा आहे की खांब, हे आधी शोधा.

त्यासाठी कुंडी रिकामी करा आणि मधोमध तीन-साडेतीन फुटी सळई खाली दाबा. फूटभरावर ठण्ण झाली तर खांब भरीव. तशीच खाली जात राहिली तर खांब पोकळ आहे आणि आत माती-मुरूम भरलाय. मोठ्या वृंदावनांत हे पुष्कळदा असतं, मुळांना खाली जायला जागा लागते. मग खांबाचे चारही कोपरे ओल्या फडक्याने पुसून उभी रेघ दिसते का बघा. दिसली तर तो एक दगड नाही, चार फरशा उभ्या जोडलेल्या आहेत. आणि माथा उतरवल्यावर फरशांच्या वरच्या कडेला कोपऱ्यात लोखंडी पट्टी, भोवती करडं शिसं ओतलेलं दिसलं, तर ती जोडणी उकलायला जाऊ नका. शिसं खरवडताना कोपऱ्याचा टवका हमखास उडतो. तसं असेल तर खांब एकसंधच समजा.

बीमकॉलम

वजनाचं चाललंय ते ठीक. कोथरूडला हे *कुठे* बसणार, ते कुणीच विचारलं नाही.

९८० किलो अडीच फूट चौरसावर, म्हणजे ०.५८ चौरस मीटरवर. चौरस मीटरला जवळपास १७०० किलो. आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या भाग २ मध्ये राहत्या खोल्यांच्या स्लॅबला चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलो, आणि बाल्कनीला ३ किलोन्यूटन एवढाच वापराचा भार धरलेला असतो. टेरेस फ्लॅटमध्ये ठेवायचा विचार असेल तर इथेच थांबा. सोसायटीच्या बागेत ठेवणार असाल तर बागेखाली पार्किंग आहे का ते बघा. हल्ली निम्म्या बागा स्लॅबवरच असतात. आणि लिफ्टचा विचारही नको: सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते, पण ती उभ्या माणसांसाठी, पहारीने ढकलत आणलेल्या दगडासाठी नाही.

कऱ्हाकाठ

बीमकॉलम, तळमजला आहे, पुढे स्वतःची बाग आहे, खाली पार्किंग नाही, मुरुमाची जमीन.

खडीमशीन, सळई जवळजवळ तीन फूट खाली गेली. कोपऱ्यांना उभ्या रेघा आहेत, फरशा चार इंच जाडीच्या वाटतात. माथा अजून काढलेला नाही.

खडीमशीन

मग तुमचं नशीब चांगलं आहे. चार इंची फरशा धरल्या तर दोन मोठ्या प्रत्येकी ८२ किलोच्या, त्यांच्या मधे बसणाऱ्या दोन प्रत्येकी ४५ किलोच्या. देवळीची फरशी थोडी हलकी. ३६९ चा बागुलबुवा गेला, आता सर्वांत जड २५६ ची तळशिळा. एकूण वजन ८६५ च्या घरात.

उकलताना क्रम वरून खाली. दोन-तीन दिवस आधी पाणी घालणं बंद करा. माती आधी कुंडीतून, मग खांबातून लांब दांड्याच्या पळीने जितकी निघेल तितकी काढा. भरलेल्या मातीचा दाब आतून फरशांवर असतो. माती तशीच ठेवून माथा काढला की फरशी बाहेर कलंडते, आणि ती कुणाच्या पायावर पडायची ते ती ठरवते. म्हणून माथ्याला हात लावण्याआधी खांबाला खाली-वर दोन रॅचेट बेल्ट आवळून ठेवा, खाली गोणपाट घालून.

चुन्याचा सांधा हॅक्सॉच्या जुन्या पात्याने चारही बाजूंनी दोन-तीन इंच आत कापा. मग साग किंवा बाभळीच्या पाचरी, समोरासमोर जोडीने, एकेक टोला आळीपाळीने. लोखंडी पहार सांध्यात घालून उचकटायची नाही. काळा दगड दाबाला मजबूत असतो, पण कडेला ताण आला की टवका जातो, आणि कोरीव कडेचा टवका परत बसत नाही. थर सुटला की लगेच आडवा सरकवू नका: दोन थरांच्या मधे खुंटी-खोबण असू शकते. आधी सरळ वर दोन-तीन इंच घ्या, टॉर्च मारून मधे बघा, मगच बाजूला.

सुटण्याआधी प्रत्येक दगडाच्या पूर्वेच्या अंगाला खडूने एकच खूण आणि खालून वर क्रमांक. फरशांवर डावी-उजवीही लिहा. चौकोनी दगड चार तऱ्हांनी बसतो आणि त्यातल्या तीन चुकीच्या असतात.

पाना_नंबर_१४

आता गाडी. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं, कंपनीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची ऐपत, आणि त्यात माणसंही आली. पुस्तिका हरवली असेल तर सोपा अंदाज: सात माणसं प्रत्येकी ६८ किलोची म्हणजे ४७६. पुढे दोघे बसले की दगडाला ३४० च्या आसपास उरले. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत म्हणून बोलेरो "घेते" जास्त, हे खरं. पण पाटे वजन घेतात, ब्रेक घेत नाहीत.

ह्या हिशोबाने तीन खेपा होतात: माथा आणि दोन लहान फरशा (२८०), दुसरा थर आणि दोन मोठ्या फरशा (३२८), मग एकटी तळशिळा (२५६). माझं मत विचाराल तर तीन खेपा करू नका. कोरीव माल, म्हणजे माथा आणि देवळीची फरशी, बोलेरोत. बाकी सपाट दगड पिकअपमध्ये. छोट्या हत्तीची ऐपत पाऊण टनाच्या आसपास असते, त्यात हे सहज मावतं. आणि उघड्या हौद्यात वरून चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) दगड थेट उतरवता येतो. बोलेरोला छप्पर आहे. तिथे हुक आत जात नाही, हीच सगळी अडचण.

तरी माथा बोलेरोत चढवायचाच आहे, तर असा:

मागचं दार स्टेपनीसकट आडवं उघडतं, त्याचा घेर आधी मोजा, नाहीतर मचाण बांधून झाल्यावर दारच बंद होत नाही. गाडीच्या मागे, दाराच्या घेरात न येता, गाडीच्या तळाच्या बरोबरीने लाकडी ठोकळ्यांचं मचाण रचा: एक थर उभा, एक आडवा. त्यावर सेंटरिंगची दोन इंची फळी, तिचं टोक गाडीच्या आत फूटभर. तिकाटण्यावरून (तीन पायांच्या घोडीवरून) माथा मचाणावर उतरवायचा, खाली दीड इंची पाईपचे तुकडे, आणि तिथून आत लोटायचा. पाईप चार घ्या, कायम तीन दगडाखाली असले पाहिजेत, मागून सुटलेला पुढे.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. दगडाचा भार उंबरठ्यावर आला की पाटे दबतात, गाडी मागून इंच-दोन इंच खाली बसते. मचाण जागच्या जागी. म्हणजे अर्ध्या वाटेत पायरी तयार होते, पाईप अडतो आणि दगड तिरका होतो. म्हणून चढवण्याआधी मागे दोन्ही बाजूंना चासीखाली लाकडी ठोकळे ठोकून घट्ट बसवा. जॅकच्या भरवशावर गाडी ठेवू नका, जॅक फक्त शेवटी ठोकळे सोडवायला. हँडब्रेक, पहिला गिअर आणि पुढच्या चाकांना दगड हे वेगळं सांगायला नको.

आतमध्ये १८ मिमी प्लायवूड, त्यावर जुन्या ट्यूबचं किंवा कन्व्हेयरचं रबर. पत्र्यावर थेट दगड ठेवला तर पत्रा दबतोच, शिवाय दगड घसरतो. आडवी बाकं दुमडल्यावर मधली रुंदी टेपने मोजा, कमी पडली तर बाकं खोला. दगड मागच्या आसावर किंवा किंचित पुढे यायला हवा. दाराजवळ सोडला तर काय होतं त्याचा हिशोब: व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर) २६८० मिमी. १९० किलो आसाच्या ६० सेंमी मागे ठेवले की पुढच्या चाकांवरून ४२-४३ किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर २३० पडतात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि पुढचे ब्रेक, जे खरे थांबवणारे, त्यांची पकड कमी होते.

बांधताना प्लास्टिकच्या हुकांकडे बघूही नका. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे चासीला किंवा जाड पत्र्याला धरलेत, तिथे बेल्ट अडकवा. जोराने ब्रेक मारला तर दगडाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे येतो असं धरून बांधतात, म्हणजे इथे १५० किलो. नुसता वरून आवळलेला बेल्ट एवढं धरत नाही. दगडाच्या पुढे आडवा चार इंची ओंडका, तो सीटच्या लोखंडी पायांना टेकलेला, आणि दोन बेल्ट मागे ओढणारे, दोन बाजूंना. दगडाच्या धारेवर बेल्ट जाईल तिथे गालिच्याचा तुकडा. धार लागलेला बेल्ट घाटात सुटतो, अंगणात नाही.

दिवेघाट_रोज

पाना_नंबरांनी ब्रेकचं लिहिलं त्याला पुढे जोडतो. सासवडहून येताना दिवे घाट *उतरायचा* आहे. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडा, ब्रेक अधूनमधून नीट दाबून सोडा, त्यावर पाय ठेवून बसू नका. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणारे बरेच आहेत, त्यातले होऊ नका. बोपदेव घाट जवळचा वाटेल, पण तो अरुंद आणि जास्त तिरका. भरल्या गाडीने नको.

वडकीच्या पुढे मंतरवाडी फाट्याला डावीकडे वळून खडी मशीन चौक, कात्रज, मग बायपासने वारजे आणि कोथरूड. हडपसरमधून शहरात शिरण्यापेक्षा बरं. कात्रज-कोंढवा रस्त्याचे खड्डे पहाटे उजेडाआधी दिसत नाहीत, म्हणून फटफटल्यावर निघा आणि आठच्या आत पोचा. घाट रुंदीकरणाच्या कामासाठी बंद तर नाही ना, ते आदल्या दिवशी विचारा. आषाढी वारीत पालखीच्या दिवशी तर विषयच नाही.

टायरमध्ये हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर *पूर्ण भाराला* जी लिहिली असेल तेवढी, थंड टायरमध्ये. वडकीत थांबून बेल्ट पुन्हा आवळा. घाटात दगड रबरावर बसतो आणि बेल्ट सैल पडतो.

कलम_आणि_पोटकलम

पोलिसाने अडवलं तर "खासगी गाडीत माल" ह्यावरून वाद होतो, म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(१३): मोटारकारमधून नेलेलं स्वतःचं सामान "माल" ह्या व्याख्येत धरत नाही. तेव्हा स्वतःचं वृंदावन स्वतःच्या गाडीतून नेण्यात अडचण नाही. भाडं घेऊन शेजाऱ्याचं आणलंत तर आहे. पण मर्यादेपेक्षा जास्त वजन हा वेगळा गुन्हा, कलम ११३ आणि १९४: दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. फळी किंवा पाईप दाराबाहेर काढून आणू नका, बाहेर डोकावणाऱ्या मालालाही त्याच कलमात २०,००० आहेत.

दुसरं, वृंदावन शंभर वर्षांहून जुनं असेल आणि त्यावर मूर्तिकाम असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा बघून घ्या. दगडी शिल्पं नोंदणीच्या यादीत आहेत. नुसती वेलबुट्टी आणि देवळी असेल तरी पुरातत्त्व खात्याकडे एकदा विचारलेलं बरं.

आणि वाटणीपत्रात वृंदावनाचा उल्लेख आहे ना? भावकीची लेखी संमती कुठल्याही परवान्याहून उपयोगी पडते.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. वाटणीपत्रात "चौकातील वृंदावन" असा शब्द आहे. मूर्ती नाही, फक्त वेल आहे, तरी विचारून घेतो. पिकअपचं पटलं. आता दोन प्रश्न. तिकाटणं नेमकं कशाचं करायचं, आणि तळशिळा जमिनीतून कशी सोडवायची? ती दोन इंच फरसबंदीत रुतलेली आहे. आणि इकडे बसवताना सिमेंटने सांधे भरू का?

खडीमशीन

तिकाटण्याला दहा फुटी तीन बल्ल्या किंवा दोन इंची बी क्लास जीआय पाईप. वर साखळीने बांधून एक टनाचा चेन ब्लॉक. पाय साधारण पाच-सहा फुटांवर, आणि तिन्ही पाय खाली दोरीने एकमेकांना बांधलेले. फरसबंदीवर पाय सटकतात आणि तिकाटणं बसतं, ते ह्याच दोरीअभावी. उचलायला जांभळ्या रंगाच्या एक टनी पट्ट्या घ्या, दोन. हुकापाशी दोन पट्ट्यांमधला कोन ९० अंशांच्या आत राहील इतक्या लांब. कोन फाकला की पट्टीवरचा ताण वाढत जातो आणि दगडाच्या वरच्या कडा आत दाबल्या जातात. पट्ट्या, रॅचेट बेल्ट रविवार पेठेत मिळतील, लाकूड भवानी पेठेत टिंबर मार्केटला. सेंटरिंगवाला ओळखीचा असेल तर फळ्या आणि बल्ल्या विकत घेऊच नका. चेन ब्लॉकही भाड्याने मिळतो. साखळी गंजलेली आणि हुकाची जीभ तुटलेली असेल तर परत करा.

तळशिळेभोवतीची एक रांग फरशी काढा, चर खणा. पाच फुटी पहार, टोकापासून तीन इंचांवर लाकडी ठोकळा. १९ ला १ चा जोर मिळतो. शिळेची एक कड उचलायला निम्मं वजन, १२८ किलो, म्हणजे पहारीवर सात-आठ किलो पुरतात. चिकटलेली असेल तर सुरुवातीला जास्त. इंचभर उचलली की लगेच खाली लाकडी पट्टी सारा, समोरची कड, पुन्हा पट्टी. पट्टी दुसऱ्या काठीने सारायची, बोटांनी नाही. चार इंच वर आली की खाली फळी आणि पाईप. पुढचं काम माणसं ढकलत नेतात.

बीमकॉलम

बसवायचं मी सांगतो. साडेतीन फूट चौरस, फूटभर खोल खड्डा. सहा इंच दगडगोट्यांचं सोलिंग ठोकून, वर चार इंच काँक्रीट, १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी) पुरे. आठवडाभर पाणी मारा आणि मगच शिळा ठेवा. घाईने ठेवली की एक कोपरा खचतो आणि वरचे सगळे थर त्याच बाजूला कलतात. काँक्रीटवर पाऊण इंच चुना-वाळूचा थर, त्यात शिळा पाणसळीने दोन्ही दिशांना बघून.

सांध्यांत सिमेंट नको. दगडाला चिकटलेलं सिमेंट पुढे कुणाला उकलायचं झालं तर दगडच फोडून निघतं, चुना पाचरीने सुटतो. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. फरशा उभ्या करताना तुमचे ते दोन रॅचेट बेल्ट पुन्हा लावा आणि चुना धरेपर्यंत, निदान दहा दिवस, काढू नका. पोकळीत तळाला फूटभर खडी, मगच माती, आणि मातीही एकदम ठासून नाही. खालच्या बाजूला पाणी निघायचं भोक आहे का ते उकलतानाच शोधून ठेवा. चिखलाने बुजलेलं असेल.

कऱ्हाकाठ

भोक सापडलं, मागच्या फरशीला तळाशी आहे, बोटभर. बुजलेलंच होतं.

बीमकॉलम

मग ती फरशी उताराच्या बाजूला येते का बघा. पूर्वेची खूण बदलायची नसेल तर बागेचा उतार बदला. खोऱ्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.